दर बॅचला १२-१३ व्या आठवड्यात डुकरं अचानक मरतात, नाकातून रक्ताचा फेस येतो: औषधाने थांबतं आणि परत का येतं

हा लेख एपीपी नावाच्या जंतूमुळे डुकरांच्या फुफ्फुसाला होणाऱ्या आजाराबद्दल आहे. आधी प्रॉब्लेम जसाच्या तसा सांगते, म्हणजे तुमच्या शेडमध्ये हेच चाललंय का ते पटकन कळेल. संध्याकाळी सगळी डुकरं खाऊनपिऊन आडवी झाली, काही तक्रार नाही, आणि सकाळी शेड उघडलं तर एक मेलेलं, तेही बॅचमधलं सगळ्यात भरलेलं, नाकातोंडातून गुलाबी-लाल फेस, कान आणि पोटाखालची कातडी निळी पडलेली. दुपारपर्यंत अजून दोन-तीन जणं कुत्र्यासारखी पुढच्या पायांवर बसलेली, तोंड उघडं, पोट भात्यासारखं चाललेलं, थर्मामीटर लावला तर १०६-१०७ फॅरनहाइट. मग धावपळ करून पाण्यातून औषध सुरू होतं, चार-पाच दिवसांत मरतूक थांबते, सगळे म्हणतात सुटलो, आणि पुढची बॅच त्याच वयाला आली की पहिले पाढे पंचावन्न.

मी पशुवैद्यक आहे, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातले काही छोटे वराहपालक माझ्याकडे आहेत. त्यातल्या एका फार्मवर, २२ माद्या, नवरा-बायको दोघंच सांभाळतात, हा प्रकार सलग तीन बॅचला झाला. पहिल्या दोन वेळा मी पण साधा न्यूमोनिया समजून ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यातून दिलं आणि निघून आले, पोस्टमार्टम घाईत केलं, सॅम्पल पाठवलंच नाही. ती माझी चूक, आणि त्या चुकीची किंमत त्या दोघांनी भरली, तिसऱ्या बॅचला ३८ पैकी ७ जनावरं गेली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मेलेलं जनावर कापायच्या आधी एक गोष्ट. नाकातून रक्त आणि अचानक मरण म्हटलं की आधी अँथ्रॅक्स डोक्यात यायला हवा. डुकरात त्याची खूण बहुतेक वेळा गळ्याची सूज असते, रक्त काळपट आणि नीट न गोठणारं असतं. तसं काही दिसलं तर चाकू लावू नका, कानाच्या शिरेतून रक्ताची स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पातळ थर, घेऊन डॉक्टरांना द्या. दुसरं म्हणजे स्वाइन फीवर. पिलं, फॅटनर (मांसासाठी वाढवायची डुकरं), माद्या अशी सगळ्या वयाची जनावरं एकदम पडत असतील, कातडीवर जांभळे डाग असतील, गाभण माद्या गाभ टाकत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. आफ्रिकन स्वाइन फीवर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलमधून भारतात शिरला, त्यावर औषध नाही, आणि असे आजार कळवणं प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आजारी जनावर स्वस्तात विकून टाकायचा मोह होतो, कळतं मला, पण त्याने शेजारच्या चार फार्मची वाट लागते.

आता आपला केस. तिसऱ्या बॅचला सकाळी सहाला फोन आला तेव्हा मी म्हटलं, काही हलवू नका, येते. छाती उघडल्या उघडल्या लालसर पाणी बाहेर आलं, वाटीभर तरी. फुफ्फुसाच्या मागच्या मोठ्या पाळ्या, म्हणजे पाठीच्या बाजूचा आणि मागचा भाग, दोन्हीकडे काळपट लाल आणि घट्ट, बोट दाबलं तर स्पंजासारखं न लागता कलेजीसारखं लागत होतं. वरून पिवळसर पातळ साय, बोटाने ओढली तर ओल्या पापुद्र्यासारखी सुटून आली, तो फायब्रिन, रक्त गोठवणारं प्रोटीन. एका जागी फुफ्फुस बरगडीला चिकटायला लागलं होतं. श्वासनलिका चिरली तर वरपर्यंत रक्ताचा फेस. पुढच्या छोट्या पाळ्या मात्र बऱ्यापैकी गुलाबी.

हा जागेचा फरक लक्षात ठेवा, शेडमध्येच निम्मं निदान होतं. मायकोप्लाझ्मा किंवा पाश्चुरेलाचा नेहमीचा न्यूमोनिया फुफ्फुसाच्या पुढच्या-खालच्या भागात बसतो आणि जनावर आठवडेच्या आठवडे खोकत राहतं. मागे-वर, दोन्ही बाजूंना, रक्ताळलेलं, वर फायब्रिन आणि मरण काही तासांत, असं दिसलं की पहिला संशय ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनिए, लोक एपीपी म्हणतात. याचा एक भाऊ आहे, ॲक्टिनोबॅसिलस सुइस, तो पण जवळपास तसंच विष बनवतो आणि तसंच दिसतं, म्हणून लॅब लागतेच.

आता मुद्द्यावर येते. मला जो प्रश्न सगळे विचारतात तो असा, की मॅडम, औषध तर जंतूवर बरोबर लागू पडतंय, मग आजारी पडलेलं जनावर तरीही का मरतं आणि आजार परत का येतो? दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. हा जंतू स्वतः फुफ्फुस खात नाही. तो विष सोडतो, आणि ते विष सगळ्यात आधी त्याच पेशी मारतं ज्या त्याला मारायला आलेल्या असतात.

फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्यांमध्ये कायम राखणीला बसलेल्या पेशी असतात, मॅक्रोफेज. आत आलेली धूळ, जंतू गिळायचं त्यांचं काम. त्यांनी हाक दिली की काही तासांत रक्तातून दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, न्यूट्रोफिल, त्या जास्त आक्रमक, त्यांच्या पोटात जंतू जाळायची रसायनं आणि मांस विरघळवणारी एन्झाइम भरलेली असतात. एपीपी आत शिरला की मॅक्रोफेज त्याला गिळतो सुद्धा, पण तोपर्यंत जंतूने एपीएक्स नावाचं विष सोडायला सुरुवात केलेली असते. हे विष पेशीच्या बाहेरच्या पडद्यात शिरून भोक पाडतं. बाहेरचं कॅल्शियम भसाभस आत येतं, आतलं पोटॅशियम बाहेर जातं, पेशी फुगते आणि फुटते. विष कमी असेल तर पेशी लगेच फुटत नाही, पण गिळायचं काम सोडून देते किंवा एक-दोन दिवसांत स्वतःच स्वतःला संपवते. न्यूट्रोफिलचं अजून वाईट, थोड्या विषाने तो चवताळतो आणि आपली जाळणारी रसायनं तिथेच बाहेर ओततो, जास्त विषाने फुटतो आणि एन्झाइम सांडतात. म्हणजे राखणदार मेला एवढ्यावर भागत नाही, त्याच्या खिशातले सुतळी बॉम्ब पण घरातच फुटतात. फुफ्फुसाचा जो कलेजीसारखा भाग मी वर सांगितला तो बराचसा यातूनच होतो, भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर जातं, गुठळ्या होतात, रक्त हवेच्या पिशव्यांत उतरतं. फुफ्फुसाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितला तर सडलेल्या भागाच्या कडेला मेलेल्या पांढऱ्या पेशी लांबट ओढल्यासारख्या, एका दिशेने वाहत गेल्यासारख्या ओळीने दिसतात. एकदा बघितलं की विसरायला होत नाही.

मला हे पुस्तकातून पटलं नव्हतं, लॅबमध्ये पटलं. एमव्हीएससीला असताना कत्तलखान्यातून ताजी डुकराची फुफ्फुसं आणायचो, त्यात सलाइन भरायचं, हलक्या हाताने चोळायचं, ते पाणी परत काढून मशीनमध्ये फिरवलं की तळाला मॅक्रोफेज मिळतात. त्यावर एपीपीच्या कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवलेल्या द्रावणाचं, गाळलेलं पाणी टाकलं, जंतू सगळे फिल्टरवर अडकलेले, पाण्यात एकही नाही. तासाभराने ट्रिपॅन ब्लू टाकून बघितलं. जिवंत पेशी हा निळा रंग आत घेत नाही, मेलेली घेते. शेजारच्या साध्या मीडियम टाकलेल्या प्लेटमध्ये पेशी स्वच्छ चमकदार गोल, आणि याच्यात सगळीकडे निळे फुगलेले ठिपके, काहींच्या कडेला बुडबुडे आलेले. जंतू नसताना. तेच पाणी आधी ६० अंशांवर गरम केलं तर काही होईना, कारण हे विष प्रोटीन आहे, उष्णतेने जातं. आणि आजारातून उठलेल्या डुकराचा सीरम, म्हणजे अँटिबॉडी असलेलं रक्ताचं पाणी, त्यात मिसळला तरी पेशी वाचल्या. शिळ्या कल्चरमध्ये ती धार नव्हती, जंतू ऐन वाढीत असताना विष सर्वात जास्त सोडतो. या तीन-चार गोष्टी डोक्यात ठेवा, पुढे शेडमध्ये काय करायचं ते सगळं यावरच उभं आहे.

विषाचे प्रकार चार आहेत आणि ही नावं १९९३ पासून सगळीकडे तीच वापरतात. एपीएक्स-१ लाल पेशी पण फोडतं आणि पांढऱ्या पण, दोन्ही जोरात. एपीएक्स-२ दोन्हीवर चालतं पण त्यामानाने मवाळ. एपीएक्स-३ लाल पेशींना हात लावत नाही, पांढऱ्या पेशींचा मात्र काळ, कारण पांढऱ्या पेशींवर सीडी-१८ नावाचा एक दांडा असतो त्याला धरूनच ते पेशीवर बसतं, लाल पेशीवर तो दांडाच नाही. चौथं विष, एपीएक्स-४, जंतू फक्त जनावराच्या अंगात असताना बनवतो, प्लेटवर बनवत नाही, त्याचा उपयोग तपासणीला होतो, ते पुढे सांगते. जंतूचे १९ सीरोव्हार, म्हणजे उपप्रकार, आहेत आणि प्रत्येकाची विषं साधारण ठरलेली. १, ५, ९, ११ यांच्याकडे एक आणि दोन नंबरचं, हे सगळ्यात घातक. २, ३, ४, ६, ८, १५ यांच्याकडे दोन आणि तीन. ७, १२, १३ कडे नुसतं दोन नंबरचं, १० कडे नुसतं एक नंबरचं. एक नंबरचं विष असलेला सीरोव्हार शेडमध्ये असेल तर बहुतेक वेळा धडाधड मरतूक, नाहीतर बऱ्याचदा खोकला, वाढ खुंटणं आणि कत्तलीच्या वेळी चिकटलेली फुफ्फुसं असं संथ रूप. विष बनवायची सोय पण बघा कशी आहे. चार जीन असतात, एक खुद्द विष बनवतो, दुसरा त्यावर फॅटी ॲसिड चिकटवून त्याला धार आणतो, त्याशिवाय विष बोथट असतं, आणि उरलेले दोन ते बाहेर फेकणारी नळी बनवतात.

आता औषधाचं. अँटिबायोटिक जंतू मारतं, आधीच सुटलेलं विष नाही मारत, आणि मेलेल्या पेशींचं सांडलेलं तर नाहीच नाही. म्हणून जनावर कुत्र्यासारखं बसून तोंडाने श्वास घ्यायला लागल्यावर दिलेलं महागातलं महाग इंजेक्शन पण बऱ्याच वेळा वाया जातं. खरी वेळ त्याच्या आधीची, ताप चढतो आणि जनावर खाणं सोडतं ते काही तास. दुसरी अडचण म्हणजे आजारी डुक्कर पाणी पण पीत नाही, त्यामुळे पाण्यातलं औषध जे आजारी नाहीत तेच पितात. पाण्यातून दिल्यावर मरतूक थांबते ती यासाठी की ज्यांना अजून लागण व्हायची होती ती वाचतात, आणि आपल्याला वाटतं आजाऱ्यांना बरं केलं.

म्हणून शेडमध्ये पहिल्या सहा तासांत काय: मेलेलं सापडलं त्या पेनमधल्या (शेडमधल्या कप्प्यातल्या) आणि शेजारच्या दोन पेनमधल्या प्रत्येकाचा ताप घ्या, सकाळ-संध्याकाळ, तीन-चार दिवस. कंटाळा येतो, ४० जनावरांचा ताप घ्यायला दीड तास जातो, तरी घ्या. १०४ च्या वर असेल त्याला रंगाचा पट्टा मारा आणि सुईने औषध, पाण्यातून नाही. कोणतं ते तुमच्या डॉक्टरांनी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू कोणत्या औषधाने मरतो ती तपासणी, बघून ठरवायचं, सेफ्टिओफर, फ्लॉरफेनिकॉल, अमॉक्सिसिलिन, तुलाथ्रोमायसिन यातलं काहीतरी साधारण निघतं, टेट्रासायक्लिनला बऱ्याच ठिकाणी हा जंतू दाद देत नाही, माझ्या पहिल्या दोन बॅचचं गणित कदाचित तिथेच चुकलं. सोबत सूज आणि ताप कमी करणारं औषध, मेलॉक्सिकॅम किंवा फ्लुनिक्सिन, कारण नुकसानातला मोठा वाटा न्यूट्रोफिलच्या उद्रेकाचा आहे. मेडिकलमधून मिळेल ते पुडीतलं पावडर टाकू नका, आणि कोलिस्टिन तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांना द्यायला बंदीच आहे. विड्रॉल पिरियड, म्हणजे औषध अंगातून जायचे ठरलेले दिवस, पूर्ण झाल्याशिवाय कत्तलीला देऊ नका. आजारी जनावरांना पळवू नका, दुसऱ्या शेडमध्ये हाकलू नका, दम लागलेलं डुक्कर पळवलं की तिथेच कोसळतं.

सॅम्पल औषधाच्या आधी. नुकत्याच मेलेल्या, औषध न दिलेल्या जनावराच्या फुफ्फुसाचा खराब आणि चांगल्याच्या हद्दीवरचा तुकडा, आणि टॉन्सिल, वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत, बर्फावर, फ्रीजरमध्ये नाही. पुण्याच्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून मग पाठवा, आणि चिठ्ठीवर एपीपीचा संशय असं स्पष्ट लिहा. हे लिहिणं महत्त्वाचं आहे कारण हा जंतू साध्या ब्लड अगरवर (जंतू वाढवायच्या, रक्त घातलेल्या प्लेटवर) बहुतेक वेळा एकटा वाढत नाही, त्याला एनएडी नावाचं द्रव्य लागतं. चॉकलेट अगर (गरम केलेल्या रक्ताची प्लेट) घ्यावं लागतं, नाहीतर ब्लड अगरवर स्टॅफ नावाच्या दुसऱ्या जंतूची एक रेघ ओढतात आणि त्या रेघेच्या कडेकडेने याच्या बारीक कॉलनी येतात, जणू विहिरीच्या पाझराला गवत उगवावं. लॅबला सांगितलंच नाही तर नुसतं नो ग्रोथ म्हणून रिपोर्ट येईल आणि तुम्ही समजाल जंतू नव्हताच. कल्चर मिळालं की पीसीआर नावाच्या जीन-तपासणीने कोणते विषाचे जीन आहेत ते बघता येतं. पोस्टमार्टमला हातमोजे घाला, कारण डुकरातला स्ट्रेप्टोकॉकस सुइस हाताच्या कापातून माणसात जातो, मेंदूज्वर होतो आणि वाचलेल्या काहींना कायमचा बहिरेपणा येतो. त्याचं पण सुइलायसिन नावाचं पेशी फोडणारं विष आहे, फक्त भोकं पाडायची तऱ्हा वेगळी.

एवढं झालं तरी पुढच्या बॅचला परत का? या फार्मवर मला याचं उत्तर लॅबने नाही दिलं, फार्म सांभाळणाऱ्या वहिनींच्या वहीने दिलं. त्या भिंतीला लटकवलेल्या वहीत रोज कोणत्या पेनमध्ये काय झालं ते लिहायच्या, मेलं, खोकलं, खाल्लं नाही. मी एका दुपारी चहा घेता घेता चाळत बसले आणि दिसलं की तिन्ही बॅचला पहिलं मेलेलं जनावर पाच किंवा सहा नंबरच्या पेनमधलं. मी विचारलं, इथे काय वेगळं आहे? त्यांचे मिस्टर, दादा, म्हणाले, काही नाही मॅडम, मागच्या बॅचची जी वजनाला कमी पडतात ना, सहा-सात, ती विकायची राहतात, ती तिथे ठेवतो, आणि नवीन आली की त्यांच्यातच सोडतो, वजन भरलं की देऊन टाकतो.

बघा आता. ती वजनाला कमी का पडतात? कारण ती मागच्या साथीतून वाचलेली, फुफ्फुस बरगडीला चिकटलेलं, आत मेलेल्या मांसाचे गोळे कप्पा करून बसलेले. त्यांच्या रक्तात विषाविरुद्ध अँटिबॉडी भरपूर, म्हणून ती स्वतः आजारी पडत नाहीत. पण टॉन्सिलच्या खाचांत जंतू तसाच, आणि अँटिबायोटिक तिथून त्याला भरवशाने काढू शकत नाही. आणि नवीन बॅच कोणत्या वयाची? आईच्या चिकातून मिळालेल्या अँटिबॉडी साधारण ५ ते १२ आठवड्यांत उतरतात, म्हणजे विषाविरुद्धचं कवच नुकतंच गेलेलं. वाहक आणि उघडं पडलेलं जनावर एकाच गव्हाणीला नाकाला नाक लावून. त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर, दिवसा ऊन रात्री गारठा, संध्याकाळी ताडपत्री खालपर्यंत सोडलेली. १२-१३ वा आठवडा का, हे कोडं त्या वहीतल्या दोन पेनमध्येच होतं.

तर पहिला बदल हा केला की मागे राहिलेली जनावरं परत कधीच मागून येणाऱ्या लहान बॅचमध्ये नाहीत. कमी वजनाला, कमी भावात, पण बॅचसोबतच जातात. दादांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, एका जनावरामागे दोन-तीन हजार सुटल्यासारखे वाटतात, मग मी तीन बॅचच्या मेलेल्यांचा हिशोब मांडून दाखवला. दुसरं, शेड पूर्ण रिकामं, साबणाच्या पाण्याने शेण-चिकटा काढून धुणं, जंतुनाशक, आणि आठवडाभर कोरडं. हा जंतू कोरड्या जागेत फार टिकत नाही, पण नाकाच्या शेंबडात, ओल्या घाणीत काही दिवस काढतो, म्हणून आधी घासणं मग जंतुनाशक, उलट केलं तर पैसे पाण्यात. तिसरं, दूध तोडताना पाच माद्यांची पिलं एकत्र ओतायची नाहीत, शक्यतो भावंडं एकत्र. माद्यांकडून काही पिलांना दूध पितानाच लागण होते, दरवेळी थोड्याच पिलांना, पण सगळी मिसळली की ती थोडी सगळ्यांना वाटतात.

चौथी हवा. ताडपत्री वरून चार-सहा बोटं उघडी ठेवायची, खालून नाही, डुकराच्या अंगावर झोत नको पण वरून वाफ गेली पाहिजे. अमोनिया आपण उभं राहून हुंगतो, तो चुकीचा प्रकार, डुकराच्या नाकाच्या उंचीला उकिडवं बसा आणि दोन मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर त्या हवेत ते चोवीस तास आहे. अमोनियाने श्वासनलिकेतले बारीक केस निकामी होतात आणि घशातला जंतू खाली उतरायला मोकळा रस्ता. फॅटनरला माणशी, म्हणजे जनावरागणिक, निदान एक चौरस मीटर तरी कोरडी जागा द्या.

नवीन माद्या बाजारातून चार ठिकाणच्या आणायच्या नाहीत, एकाच फार्मवरून, आणि आणल्यावर ३० दिवस वेगळ्या. इथे ते चौथं विष कामाला येतं. एपीएक्स-४ जंतू फक्त जिवंत अंगात बनवतो, म्हणून रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडी सापडली तर त्या जनावराला कधीतरी खरी लागण झालीये. मेलेल्या जंतूच्या किंवा टॉक्सॉईडच्या (निष्प्रभ केलेल्या विषाच्या) लसीने ती येत नाही. कोणत्या सीरोव्हारची लागण ते यातून कळत नाही, पण माझा कळप कोरा असेल आणि येणारी मादी पॉझिटिव्ह असेल तर तिला आणू नका एवढं तरी ठरवता येतं.

लसीबद्दल विचारतात सगळे. नुसत्या मारून धुतलेल्या जंतूची लस त्याच सीरोव्हारमध्ये मरण कमी करते, दुसऱ्यावर फारशी चालत नाही. कारण वर आलंय, विष जंतू बाहेर सोडतो, जंतू धुतला की विष पाण्याबरोबर गेलं, मग लसीत विषाविरुद्ध शिकवणारं काही उरतच नाही. विषाचे टॉक्सॉईड असलेली लस जास्त सीरोव्हारवर उपयोगी पडते, कारण सीरोव्हार कितीही असले तरी मारणारी विषं तीनच. डॉक्टरांना लस विचारताना हा एकच प्रश्न विचारा, यात एपीएक्सचे टॉक्सॉईड आहेत का. आणि कोणतीही लस वाहक बनणं थांबवत नाही, म्हणजे मागे राहिलेल्या जनावरांचा नियम लस दिली तरी तसाच.

अजून एक, सगळ्या बॅचला खबरदारी म्हणून आधीपासून अँटिबायोटिक चालू ठेवायची सवय सोडा. फार लवकर आणि सगळ्यांना दिलं तर जंतू अंगाला लागायच्या आधीच मरतो, अंगात विषाविरुद्ध अँटिबॉडी तयारच होत नाही, औषध थांबलं की जनावर पहिल्याइतकंच उघडं. मी दोन फार्मवर हे बघितलंय, साथ फक्त तीन आठवडे पुढे ढकलली जाते आणि तोपर्यंत जनावर ६० किलोचं झालेलं असतं, नुकसान दुप्पट. ताप घ्या, ज्याला ताप त्याला सुई, हेच बरं.

या फार्मवर हे सगळं सुरू केल्यानंतर चौथ्या बॅचला १४ व्या आठवड्यात एका रात्री वहिनींचा फोन आला, मॅडम, तीन नंबरमध्ये एक खोकतंय आणि संध्याकाळी गव्हाणीवर आलं नाही. रात्री साडेदहाला ताप घेतला, १०५.८, सुई लगेच, शेजारच्या दोघांना पण ताप निघाला, त्यांनाही. सकाळी तिघंही उभी होती आणि दुपारी थोडं खाल्लं. त्या बॅचला एकही मेलं नाही. कत्तलीच्या दिवशी मी मुद्दाम गेले आणि ३६ फुफ्फुसं एकेक हातात घेऊन बघितली, पाचांवर मागच्या पाळीला जुना चिकटलेला डाग होता. म्हणजे जंतू अजून माद्यांच्या टॉन्सिलमध्ये आहे आणि पिलांपर्यंत येतोय. आता पुढच्या महिन्यात माद्यांचं रक्त एपीएक्स-४ साठी पाठवतोय, आणि वहिनींनी वहीत एक नवीन रकाना आखलाय, पिलू कोणत्या मादीचं.